फ्लेमिंगो वाढले म्हणजे खाडी सुधारली का?

ऐरोलीच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ठाणे खाडीत दरवर्षी इतके फ्लेमिंगो येतात, तर खाडी निरोगी आहे असं मुलांना सांगायचं का? आणि आठवी-नववीच्या मुलांना घेऊन महिन्यातून एकदा खाडीवर जायचं ठरवलं, तर कोणते प्राणी पाहिले म्हणजे पाणथळीची तब्येत खरोखर कळेल?

पहिल्या भागाचं उत्तर: नाही, निदान फ्लेमिंगोंच्या आकड्यावरून तरी तसं सांगू नका. दुसऱ्या भागाचं उत्तर लांब आहे. खाडीतला एकेक जीव एखाद-दुसऱ्या प्रश्नाचंच उत्तर देऊ शकतो, आणि आपण बहुतेक वेळा त्याला भलताच प्रश्न विचारून बसतो.

फ्लेमिंगोंचंच घ्या. खाडीत दोन जाती येतात आणि बातमीत दोघांची बेरीज छापली जाते, तिथेच पहिला घोळ होतो. मोठा रोहित उंच, पांढुरका, चोच गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. धाकटा रोहित बुटका, अंगाने जास्त गुलाबी, चोच लांबून काळीच दिसते. आपल्याकडे गर्दी करतो तो हा धाकटा. त्याचं अन्न म्हणजे सूक्ष्म शेवाळ: नील-हरित शेवाळ आणि चिखलाच्या पृष्ठभागावर साय धरल्यासारखे वाढणारे डायटम. मोठा रोहित त्याच चिखलातून बारीक कवचधारी, किड्यांच्या अळ्या, इवले शंख-शिंपले गाळून खातो. म्हणजे धाकट्यांची संख्या वाढली तर शेवाळ मुबलक आहे एवढंच कळतं. मोठ्यांची वाढली तर चिखलात जीव आहेत असं म्हणता येतं. दोघांची बेरीज करून काय कळतं? काहीच नाही.

आता शेवाळ कशावर पोसतं? नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. ते येतं खाडीच्या दोन्ही अंगांच्या शहरांमधून, म्हणजे इकडून ठाणे-मुलुंड-भांडुप-विक्रोळी आणि तिकडून तुमची ऐरोली, घणसोली, वाशी. प्रक्रिया करून सोडलेल्या सांडपाण्यातही ही पोषकद्रव्यं बरीचशी उरतात, कारण नेहमीची प्रक्रिया मुख्यतः घाणीचा सेंद्रिय भार कमी करण्यासाठी असते. त्यात खाडीचा ठाण्याकडचा भाग अरुंद, उल्हास नदीशी जोडणारा फाटा तर अगदीच बारीक. भरती-ओहोटीने पाणी पुढे-मागे हलतं, पण पुरतं बदलत नाही. गाळ बसत जातो, ओहोटीला उघडे पडणारे चिखलपट्टे तयार होतात, त्यावर शेवाळ फोफावतं. शिवडीला फ्लेमिंगो 1990च्या दशकाच्या मध्यापासून ठळकपणे दिसू लागले आणि 2019च्या जानेवारीत बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या) गणनेत मुंबई परिसरातला आकडा लाखाच्या वर गेला. या वाढीमागे सांडपाण्याने पोसलेलं शेवाळ हे एक मोठं कारण मानलं जातं. पानं गुलाबी रंगाने भरून ‘खाडी स्वच्छ झाली’ असं लिहिणाऱ्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो.

आणखी एक भानगड आहे. हे पक्षी इथे अंडी घालत नाहीत, त्यांचं बाळंतपण कच्छच्या रणात. बीएनएचएसने 2022 मध्ये काही फ्लेमिंगोंना उपग्रह टॅग लावले, तेव्हा पावसाळ्याच्या सुमारास ते इथून गुजरातेत गेल्याचं दिसलं. कच्छ-सौराष्ट्रात पाऊस जोरदार झाला, तिथली तळी उशिरापर्यंत भरलेली राहिली, तर पक्षी मुंबईत उशिरा येतात. तिकडे लवकर आटलं तर लवकर येतात. म्हणजे डिसेंबरात ऐरोलीला उभं राहून मोजलेला आकडा निम्मा कच्छच्या पावसाबद्दल बोलत असतो. एखाद्या वर्षी फ्लेमिंगो घटले म्हणून खाडीच्या नावाने बोटं मोडणं तितकंच चुकीचं.

याचा अर्थ फ्लेमिंगो निरुपयोगी असा घेऊ नका. ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचा 1690 हेक्टरचा पट्टा 2015 मध्ये अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली, त्यात या गुलाबी मंडळींचा वाटा मोठा आहे. चिखलातल्या किड्यांच्या नावाने कुणी अभयारण्य करत नाही. पण ज्याच्यामुळे संरक्षण मिळतं तो प्राणी आणि ज्याच्यामुळे तब्येत कळते तो प्राणी, हे एकच असतील असं नाही.

सांडपाण्याखाली चिखलाचं काय होतं याचा एक आराखडा पिअर्सन आणि रोझेनबर्ग या दोघांनी 1978 मध्ये मांडला, स्कॉटलंड-स्वीडनच्या बाजूच्या किनाऱ्यांवरच्या अनुभवातून. तो आजही कामाला येतो. सेंद्रिय घाण थोडी वाढली की आधी जीव वाढतात, कारण खायला जास्त मिळतं. जातीही थोड्या वाढू शकतात. घाण आणखी वाढली की मोठे, सावकाश वाढणारे, खोल बिळं करणारे जीव गळायला लागतात आणि त्यांच्या जागी बारीक, पटापट पिल्लावळ घालणाऱ्या दोन-चार जाती प्रचंड संख्येने माजतात. त्यापुढे ऑक्सिजन संपतो आणि चिखल काळा, निर्जीव होतो. यातली मधली अवस्था फसवी. मोजायला गेलात तर एका ओंजळीत शेकडो किडे सापडतात, वजन भरपूर, खाणाऱ्या पक्ष्यांची चंगळ. माझं सगळं उत्तर या मधल्या अवस्थेभोवतीच फिरतं: किती आहेत हे नंतर विचारा, आधी कोण उरलंय आणि कोण गेलंय ते बघा. आणि ते विचारायचं तर ज्यांना उडून जाता येत नाही त्यांना विचारा.

मुलं विचारतीलच की पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत का नाही पाठवायचं. जरूर पाठवा. प्रदूषण नियंत्रणाच्या निकषांत एसडब्ल्यू-2 प्रकारच्या (आंघोळ, जलक्रीडा, मासेमारी यांसाठीच्या) पाण्यासाठी विद्राव्य ऑक्सिजन लिटरला 4 मिलिग्रॅम असावा असं आहे. पण दुपारी भरतीला बाटली भरली तर समुद्राचं ताजं पाणी आणि उन्हात ऑक्सिजन सोडणारं शेवाळ मिळून आकडा छान येतो. पहाटे ओहोटीच्या शेवटी त्याच जागी तो किती कोसळतो, हे बाटलीला माहीत नसतं. चिखलातली अळी मात्र ती पहाटही काढते आणि त्यानंतरचे महिनेही. ती जिवंत आहे का, तिच्या शेजारी कोण आहे, यात मागच्या कित्येक पहाटांचा हिशेब असतो.

तर सुरुवात निवटीपासून, म्हणजे चिखलावर सरकत फिरणाऱ्या माशापासून करा. मुलांना ती आवडतेही. ओहोटीला पाणी हटल्यावर दहा-पंधरा मिनिटं न हलता उभं राहायचं. आधी चिखल मेल्यासारखा दिसतो, मग एकेक बीळ जिवंत होतं. निवटी अर्ध्या अंगाने बाहेर येते, डोक्यावरचे बेडकासारखे डोळे फिरवते, आणि पुढच्या परांवर भार देत सरकत सरकत डोकं डावी-उजवीकडे घासत जाते. ती चिखलावरची डायटमची साय खरवडते आहे. तिच्यामागे चिखलावर अर्धगोल फराट्यांची नक्षी राहते. मध्येच नर पाठीवरचं पंख्यासारखं पर उभारतो, टुणकन उडी मारतो. हे सगळं दिसलं तर काय कळलं? साय आहे, चिखलावर तेलाचा तवंग बसलेला नाही, बीळ धरून राहील इतपत चिखल घट्ट आहे.

पाण्यात ऑक्सिजन पुरेसा आहे असं मात्र निवटीवरून कधीही म्हणू नका. ती ओल्या कातडीतून आणि कल्ल्यांच्या पोकळीत हवा धरून श्वास घेते. पाण्यातला ऑक्सिजन शून्यावर आला तरी बाई बाहेर येऊन मजेत बसते. निवटी भरपूर आणि पाण्यातले मासे गायब, असं चित्र वरच्या खाडीत दिसलं तर त्यात विरोधाभास काही नाही. निवटी बघताना पिल्लं शोधा. बोटाच्या पेराएवढ्या निवट्या दिसतात का, की सगळ्या मोठ्याच? फक्त मोठ्या असतील तर गेल्या हंगामात काहीतरी बिनसलंय.

दुसरे खेकडे. तिवरांच्या कडेला, जिथे चिखलात थोडी रेती असते, तिथे फिडलर खेकडे दिसतील. नराची एक नांगी अंगाएवढी मोठी, ती तो हलवत सुटतो. त्याच्या बिळाभोवती बाजरीच्या दाण्याएवढ्या गोळ्या पसरलेल्या असतात. चिखलातलं अन्न गाळून घेऊन उरलेला चिखल त्याने गोळ्या करून टाकलेला असतो. ताज्या गोळ्या म्हणजे आजच्या ओहोटीत बीळ चालू आहे. बिळं मोजताना हेच धरा. अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची पीव्हीसी पाइपची चौकट टाका, चालू बिळं वेगळी, पडकी वेगळी. एका खेकड्याला दोन दारं असू शकतात, त्यामुळे बिळं म्हणजे खेकडे नव्हेत, पण त्याच पद्धतीने दर वेळी मोजलं तर तुलना चालते.

तिवरांच्या आत, सावलीत, वेगळे खेकडे असतात, गडद रंगाचे, पानं ओढून बिळात नेणारे. कांदळवनाच्या तब्येतीसाठी मी त्यांना फार मानतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये संशोधकांनी कांदळवनातल्या काही चौकोनांतून हे खेकडे काढून टाकले आणि वर्षभर पाहिलं. खेकडे नसलेल्या जागी चिखलात सल्फाइड आणि अमोनियम वाढलं आणि झाडांची वाढ मंदावली. 1991 मध्ये हे प्रसिद्ध झालं. बिळांमधून भरतीचं पाणी आणि हवा चिखलात खोल जाते, तेवढीच मुळांना मोकळीक. म्हणून वरून हिरवंगार दिसणाऱ्या तिवरांखाली बिळं नसतील, चिखलावर प्लास्टिकच्या पिशव्यांचा थर बसला असेल, तर त्या हिरवाईवर जाऊ नका.

हिरवाईचा विषय निघालाच आहे तर: ठाणे खाडीत कांदळवन काही भागांत वाढलंय, आणि ते उघड्या चिखलपट्ट्यांवर चढत गेलंय. गाळ साचून जमीन उंचावली की तिवर तिथे रुजतं. आता हे चांगलं की वाईट? झाडांच्या आकड्यात चांगलं. पाणपक्ष्यांच्या दृष्टीने त्यांचं ताट आक्रसतंय. शिवाय वाढलंय कोण, तर बहुतांश तिवर, जे खारटपणा, घाण, सगळं पचवतं. कोकणात खाली आचऱ्याच्या खाडीला गेलात तर कांदळ, चिप्पी, झुंबर, काजळा, किरकिरी असे कितीतरी सोबती दिसतात. एकट्या तिवराचं रान आणि मिश्र कांदळवन उपग्रहाच्या नकाशात मात्र एकाच हिरव्या रंगात येतं.

चिखल वास घेऊन आणि चिरून बघण्याची गोष्ट आहे. खुरप्याने वीतभर खोल काप घ्या. वर तपकिरी थर, खाली करडा, मग काळा. तपकिरी भागात ऑक्सिजन पोचतो, काळ्यात लोहाचं सल्फाइड असतं आणि कुजक्या अंड्याचा वास येतो. कांदळवनाच्या चिखलात खाली काळं असणं नैसर्गिकच, घाबरायचं कारण नाही. पट्टीने मोजायचा तो तपकिरी थर. तो बोटभर असेल, आणि बिळांच्या कडेने तपकिरी रेषा खोलवर उतरलेल्या दिसत असतील, तर तिथे कामकरी जीव आहेत. काळं थेट पृष्ठभागाला टेकलं असेल तर नाल्याचं तोंड जवळच कुठेतरी आहे, शोधा.

तोच चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून खाडीच्याच पाण्याने धुवा. मागे राहतील ते पॉलिकीट, म्हणजे सागरी अळ्या, शिवाय बारीक शिंपले, शंख, कवचधारी. मुलांना जाती ओळखता येणार नाहीत, गरजही नाही. ‘एकसारखे दिसणारे’ असे ढीग करायला सांगा. आठ-दहा ढीग, प्रत्येकात थोडे थोडे, ही चांगली खूण. एकच ढीग डोंगराएवढा आणि तोही केसासारख्या बारीक लाल अळ्यांचा, तर मघाची मधली अवस्था समोर आहे. कॅपिटेला नावाची अळी जगभर यासाठी बदनाम आहे: घाण पडली की ती सर्वांत आधी येते आणि घाण हटली की गर्दीत हरवते. ढीग मोजून झाले की पाण्यासकट सगळे परत सोडायचे.

खुबे, तिसऱ्या, कालवं यांचं काम वेगळं. ती जागेवर बसून दिवसभर पाणी गाळतात आणि पाण्यातले धातू अंगात साठवतात. कालवं जस्त आणि तांबं तर सढळ हाताने साठवतात आणि तरी जगतात. म्हणून अमेरिकेत 1986 पासून शिंपले-कालवांच्या मांसावरून किनाऱ्याच्या प्रदूषणावर सरकारी देखरेख चालते. जिवंत कालव दिसलं म्हणून पाणी शुद्ध, हा निष्कर्ष इथे साफ चुकतो. उलट, त्याच्या पोटात काय साठलंय ते प्रयोगशाळेलाच कळतं. शाळेने फक्त मापं घ्यावीत: रिकाम्या नव्हे, जिवंत शिंपल्यांची लांबी. लहान-मध्यम-मोठे तिन्ही असतील तर दरवर्षी नवी पिढी बसते आहे. आणि औद्योगिक पट्ट्याला लागून असलेल्या खाडीतले खुबे मुलांनी घरी नेऊन आईला कालवण करायला सांगू नये, हेही आधीच बजावा.

विष एखाद्या जिवात कसं नेमकं उमटतं याचं टोकाचं उदाहरण गोव्यात मोरमुगाव बंदराकडे नोंदलं गेलं. जहाजांच्या बुडाला शेवाळ-कालवं चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगात ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचं संयुग असे. त्याने समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटतात. पाण्यातलं प्रमाण नगण्य वाटावं इतकं असलं तरी हे होतं. या रंगांवरची आंतरराष्ट्रीय बंदी 2008 मध्ये लागू झाली. असा एकास एक संबंध क्वचितच मिळतो. बाकी बहुतेक जीव पाच-सहा कारणांची एकत्र बेरीज सांगतात.

माशांसाठी मुलांना जाळी देऊ नका, कोळीवाड्यात पाठवा. दिवाळे, सारसोळे, ऐरोली, भांडुप, ठाण्याच्या चेंदणीकडे अजून पाग टाकणारे, बोक्शी जाळी लावणारे, चिखलात हात घालून निवटी-चिंबोरी काढणाऱ्या बाया आहेत. त्यांना ‘मासे कमी झाले का’ असं विचारू नका, ‘हो’च म्हणतील, त्यात माहिती शून्य. विचारायचं असं: जिताडा शेवटचा कधी मिळाला, केवढा होता, कुठल्या पुलाच्या वर? बोय अजून मिळते का? शिंगाळा किती? काळुंदर? चिंबोरी भरलेली मिळते की पोकळ? जिताड्यावर माझा विशेष जीव आहे, कारण तो पाण्याच्या वाटांची साक्ष देतो. त्याची अंडी खाऱ्या पाण्यात, खाडीच्या तोंडाशी. पिल्लं भरतीबरोबर आत येतात, कांदळवनातल्या चिंचोळ्या नाल्यांत, पावसाळ्यात गोड्या पाण्याच्या तळ्या-शेतांपर्यंत. वाढून आधी नर होतात, काही वर्षांनी तेच मासे मादी होतात. म्हणजे त्याला समुद्र, खाडी, खाजण आणि गोडं पाणी हे सगळं जोडलेलं लागतं. एक बांध घातला, एक उघाडी (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) कायमची बंद केली की साखळी तुटते, मग पाणी कितीही शुद्ध असो. बोय आणि शिंगाळा घाणीत तग धरतात. जाळ्यात तेवढेच राहिले तर समजून जा. पहिल्या जोरदार पावसानंतर नाल्यांतली वर्षभराची घाण एकदम खाडीत येते आणि मासे पोट वर करून तरंगतात, त्या तारखाही कोळी बरोबर सांगतात. त्या लिहून ठेवा.

एवढं झाल्यावर पक्ष्यांकडे परत या, म्हणजे ते नीट वाचता येतील. पक्ष्यांची चोच म्हणजे चिखलाची खोली. इवल्या टिलव्यांची चोच पृष्ठभागावरच टिपते. लाल पायांची तुतारी जरा खोल जाते. काळ्या शेपटीचा पाणटिवळा सरळ लांब चोच डोळ्यांपर्यंत खुपसतो, आणि वाकड्या चोचीचा कोरल सर्वांत खालच्या बिळातून खेकडा ओढून काढतो. सगळ्या लांबीच्या चोची एकाच पट्ट्यावर चरत असतील तर वरपासून खालपर्यंत चिखल भरलेला आहे. खोल चोची गळून फक्त वरवर टिपणारे आणि शेकाटे उरले, तर खालच्या थरातली मोठी मंडळी गेली असं धरून चाळणी घेऊन खात्री करायला जा. शेकाट्याच्या लांब लाल पायांना भुलू नका. तो गटारालाही तितक्याच डौलाने उभा असतो.

पक्षी घटले आणि चिखल मात्र जसाच्या तसा, असंही होतं. तेव्हा भरतीच्या वेळी ते कुठे बसतात ते बघा. भरतीला चिखलपट्टा बुडाला की पाच-सहा तास त्यांना उथळ तळं किंवा मोकळी जागा लागते: भांडुपची पंपिंग स्टेशनची बाजू, नेरुळचं डीपीएस तळं, उरणचं पाणजे. डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी यायच्या वाटा बंद झाल्या, तळं सुकत गेलं आणि 2024च्या उन्हाळ्यात तिथल्या फ्लेमिंगोंचे मृत्यू बातम्यांत आले. त्याच मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेत 40च्या आसपास फ्लेमिंगो मेले. या दोन्ही गोष्टींत खाडीच्या चिखलाचा काही दोष नव्हता. म्हणून नोंदवहीत दोन रकाने ठेवा, ओहोटीला चरणारे आणि भरतीला विसावणारे. त्यातला कोणता आधी घसरतो त्यावरून दुखणं कुठे आहे ते कळतं.

कोल्ह्यांबद्दल मुलं हमखास विचारतील. मुंबईच्या कांदळवनात सोनेरी कोल्हे आहेत, हे आता सर्वांना माहीत झालंय. 2024च्या शेवटी चेंबूरच्या बाजूला काही कोल्हे रेबीजने मेल्याचंही तपासणीत दिसलं. कोल्हा दिसणं आनंदाचं, पण तो खेकड्यांइतकाच उकिरड्यावरही जगतो. तो रान सलग आहे का आणि भटकी कुत्री किती आत शिरलीत एवढंच सांगतो. गोव्यात चोडणच्या बाजूला हुदाळे, म्हणजे पाणमांजरं दिसतात. ती खूण जास्त भरवशाची, कारण त्यांना रोज मासे लागतात.

एक मजेशीर गोष्ट वरच्या वर्गांसाठी. कॅलिफोर्नियाच्या खाऱ्या दलदलीत लांबट शंखाच्या गोगलगायी उघडून आतले परजीवी मोजले गेले. जिथे परजीवींच्या जाती जास्त, तिथे पक्ष्यांच्या जातीही जास्त निघाल्या. त्या परजीवींचं आयुष्य गोगलगाय, मग मासा किंवा खेकडा, मग पक्षी असं फिरतं. एकही दुवा नसेल तर तो परजीवी दिसणारच नाही. गोगलगाय जितकी परजीवींनी भरलेली, तितकी दलदल ठणठणीत! आपल्याकडे असं काम करायला सूक्ष्मदर्शक आणि जाणकार हवा. शाळेने शंखांची संख्या आणि लांबी घेतली तरी खूप झालं.

आता व्यवहाराचं. अभयारण्यात वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या परवानगीशिवाय जायचं नाही. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून सुरुवात केलीत तर सोपं पडेल. चिखलात मुलांना उतरवू नका, गुडघ्यापर्यंत रुतलेला पाय भरती येताना काढणं ही चेष्टा नाही. केंद्राच्या लाकडी वाटेवरून किंवा कडेच्या घट्ट भागावरून चौकट टाकता येते. महिन्याचा ठरलेला रविवार असा हिशेब ठेवू नका, तिथी बघा. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी फार लांब हटतं आणि अष्टमीच्या भांगाला जेमतेम. एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला मोजलेत तर तुमचे आकडे भरती-ओहोटीचंच पंचांग सांगतील. ओहोटीच्या तळाच्या आधी तासभर पोचायचं, जागा त्याच, चौकटींची संख्या तीच, शक्यतो माणसंही तीच. तुलना नोव्हेंबरची नोव्हेंबरशी. पावसाळ्यात गोड्या पाण्याने निम्मं जीवन खाली दबतं किंवा मरतं आणि दिवाळीनंतर पुन्हा उभं राहतं, त्यामुळे ऑगस्ट आणि फेब्रुवारी शेजारी मांडून घसरण-वाढ काढू नका.

एकाच जागी थांबलात तर आकडे लंगडे पडतील. शक्य असेल तर ठाण्याची कुणी शाळा, वाशीची एक, शिवडीची एक जोडून घ्या. खाडीच्या अरुंद टोकापासून रुंद तोंडापर्यंत तीच चौकट, तीच चाळणी, एकाच तिथीला. ऐरोलीच्या चाळणीत तीन ढीग आणि शिवडीच्या चाळणीत नऊ निघाले तर पहिल्याच वर्षी सांगण्यासारखं काहीतरी हाती येईल. त्यात रेतीचं प्रमाण वेगळं, खारटपणा वेगळा, हेही मुलांना जागीच मोजायला लावा, नाहीतर सगळं सांडपाण्याच्या माथी मारलं जाईल.

आणि काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा, रकाना मोकळा सोडू नका. मोकळा रकाना म्हणजे पाहिलं नाही, शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं. शाळांच्या वह्यांमध्ये हा फरक हमखास बुडतो आणि मग पुढच्या बॅचला मागची वही वापरता येत नाही. खेकड्याचा, निवटीचा फोटो काढाल तेव्हा शेजारी पट्टी ठेवा, आणि वहीत वेळेसोबत तिथीही घाला. नोव्हेंबरमध्ये सुरू केलंत तर पाऊस येईपर्यंत सात महिने मिळतात, पहिल्या फेरीला तेवढे पुरतात.